भाव लिहून ठेवला म्हणून घेणारा उभा राहत नाही

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.



हे पत्र आदिलाबादहून लिहितो आहे. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, अलीकडे आम्ही. राज्य तेलंगणाचं, पण जैनद, बेला, तांसी या भागात घराघरात मराठी बोलतात आणि शेतात कापूस असतो. माझी सगळी नोकरी जिनिंगच्या गादीवर झाली. सरकी, रुई, गाठी आणि कास्तकारांच्या पट्ट्या लिहिता लिहिता केस पिकले. बेल्याजवळ थोडी कोरडवाहू जमीन आहे, ती भाऊ पाहतो. २०१९ साली मी डीमॅट खातं उघडलं, आणि तेव्हापासून निवृत्तीच्या पैशातला एक हिस्सा शेअर बाजारात आहे.

मार्च २०२० मध्ये देशभरात मिळून चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती. चार वर्षांत ती पंधरा कोटींच्या वर गेली. त्यातली काही खाती आमच्या मार्केट यार्डासमोरच्या चहाच्या टपरीवर उघडली गेली, मी शेजारी बसलेला असताना. पोरं हुशार आहेत. कुणी खताच्या दुकानात कामाला आहे, कुणी ट्रॅक्टर चालवतो, कुणी मास्तर होण्यासाठी परीक्षा देतो आहे. दुपारी गाडी काट्यावर चढेपर्यंत वेळ असतो, तेवढ्यात मोबाइल बाहेर निघतो. मी म्हातारा आणि हिशेबी माणूस म्हणून मला विचारतात, ‘‘काका, एसएल लावायचा का?’’

एसएल म्हणजे स्टॉप-लॉस. पडत्या शेअरचा एक भाव आधीच ठरवून द्यायचा. बाजार तिथवर उतरला की विक्रीची ऑर्डर आपोआप जागी होते. पोरांना वाटतं, तोटा तिथं थांबतो. नावच तसं आहे. या प्रश्नाचं अर्धं उत्तर मी देऊ शकतो, अर्धं आपल्या हातात आहे. म्हणून हे पत्र.

आधी आमच्या यार्डातली एक गोष्ट सांगतो, कारण आमच्याकडे भावाच्या तळाचा अर्थ लोकांना तिथंच कळतो. कापसाला हमीभाव आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये. बाजार कितीही पडला तरी या भावाला घेणारा कुणीतरी उभा आहे, तो म्हणजे सीसीआय, भारतीय कपास निगम. पण गाडी आत गेली की पहिल्यांदा येतं ते ओलाव्याचं यंत्र. माणूस गाडीवर चढतो, कापसाच्या ढिगात हात कोपरापर्यंत खुपसतो, यंत्राचा दांडा आत दाबतो आणि सगळे त्या छोट्या पडद्याकडे बघत उभे राहतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. त्याच्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कापतात, म्हणजे अकरा टक्के ओलावा निघाला तर क्विंटलमागं अडीचशेच्या आसपास रुपये गेले. बाराच्या वर गेला तर माल घेतच नाहीत. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस असला तर बायामाणसं तो अंगणात दोन दिवस वाळवतात, तरी यंत्र काय सांगेल याचा घोर असतोच. हंगामाच्या पहिल्या दिवशी यावरूनच यार्डात आवाज चढतात. आता ‘कपास किसान’ ॲपवर दिवस राखून ठेवावा लागतो, तेही आलं.

सांगायचं असं, की हमीभावामागं घेणारा आहे, आणि तरीही त्याला अटी आहेत. त्या अटी आमच्या शेतकऱ्याला पाठ आहेत, कारण त्यानं रांगेत उभं राहून त्या शिकल्या आहेत. स्टॉप-लॉसमागं घेणारा नाही. तो फक्त ‘या भावाला विकायला काढा’ असा निरोप आहे. निरोप पोचला तेव्हा समोर गिऱ्हाईक असेल तर माल जाईल, नसेल तर पडून राहील. हा फरक ॲपवर कुठं दिसत नाही. तिथं एक रकाना असतो, त्यात आकडा भरायचा आणि हिरवं बटण दाबायचं.

तरीही स्टॉप-लॉस निकामी आहे असं मी म्हणणार नाही. तो कशासाठी हवा, हे मी स्वतःच्या घरात पाहिलं आहे. २०२२ च्या सुरुवातीला आमच्याकडे कापूस दहा हजारांच्या वर गेला. आयुष्यात कुणी असा भाव पाहिला नव्हता. पुढच्या हंगामात आठ हजारांच्या आसपास भाव होता, तोही वाईट नव्हता, पण गावोगाव एकच बोलणं: दहा हजार आल्याशिवाय विकायचा नाही. आमच्या भावानंही घरात कापूस भरला. पुढची खोली छतापर्यंत भरली, मग मधली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. त्या कापसातल्या किड्यांनी पोरांच्या अंगाला खाज सुटली, अंगभर पुरळ उठलं, रात्रीची झोप गेली. वहिनी रोज म्हणायची, विकून टाका. भाऊ म्हणायचा, आता इतके दिवस थांबलो, आणखी पंधरा दिवस. शेवटी उन्हाळ्यात सात हजारांच्या घरात भाव पटला, आणि वाळून वजन घटलं ते वेगळंच. माझ्या भावाला हिशेब येत नव्हता असं नाही. दहा हजाराचा आकडा डोक्यात बसला होता आणि त्याच्या खाली विकणं म्हणजे हार पत्करणं, असं त्याला वाटत होतं.

शेअर बाजारातही माणूस असाच वागतो. अमेरिकेत टेरन्स ओडीन या अभ्यासकानं एका ब्रोकरकडची दहा हजार खाती तपासून १९९८ मध्ये दाखवून दिलं, की लोक नफ्यातले शेअर चटकन विकतात आणि तोट्यातले कवटाळून बसतात, आणि पुढच्या वर्षी बहुधा विकलेलेच शेअर ठेवलेल्यांपेक्षा चांगले चालतात. या मोहावर स्टॉप-लॉस हा खरा उपाय आहे. मन शांत असताना घेतलेला निर्णय मन घाबरलेलं असताना पाळला जातो. त्याचं मोल एवढंच आहे, आणि ते थोडं नाही.

पण हे मोल कुणासाठी? दिवसात घेऊन दिवसातच विकणाऱ्यासाठी, आणि उसन्या ताकदीवर म्हणजे मार्जिनवर खेळणाऱ्यासाठी. त्यानं स्टॉप-लॉसशिवाय ऑर्डर टाकूच नये, असं मी पोरांना स्पष्ट सांगतो. सोबत आपलेच आकडे सांगतो. आपल्या अभ्यासाप्रमाणे २०२२-२३ मध्ये शेअरच्या रोजच्या रोज खरेदी-विक्रीत दहातले सात जण तोट्यात गेले, आणि तीस वर्षांखालच्यांत हे प्रमाण ७६ टक्के होतं. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये २०२४-२५ या वर्षात ९१ टक्के लोकांनी पैसे गमावले, मिळून एक लाख कोटी रुपयांहून जास्त. या माणसांपैकी कितीतरी जणांनी एसएल लावलेला असणार. टपरीवरच्या पोरांपैकी तो न लावणारा मला तरी भेटला नाही. मग तोटा थांबला कुठं? दर वेळी थोडा थोडा थांबला, आणि थोडा थोडा मिळून सगळा गेला. वाळवीनं खाल्लेलं लाकूडही एका दिवसात पडत नाही.

आता स्वतःच्या पैशानं, पाच-सात वर्षांसाठी शेअर घेणाऱ्याचं पाहू. माझा भाचा त्यातला. तीन सरकारी कंपन्यांचे थोडे शेअर वर्षभर जमवलेले, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून प्रत्येकाला आठ टक्के खाली स्टॉप-लॉस. ४ जून २०२४, मंगळवार, लोकसभेचे निकाल. टपरीवर टीव्ही लावलेला होता. सगळे मतांचे आकडे बघत होते आणि भाचा मोबाइल बघत होता. दुपारपर्यंत त्याचे तीनही शेअर विकले गेले. मोबाइल तीनदा वाजला, दर वेळी तो पडदा माझ्याकडे वळवून दाखवायचा, बोलायचा काही नाही. निफ्टी त्या दिवशी जवळजवळ सहा टक्के पडून २१,८८४ वर बंद झाली. शुक्रवारी, ७ जूनला, तीच निफ्टी २३,२९० वर होती. कंपन्या त्याच, त्यांचे कारखाने तेच, तीन दिवसांत त्यांच्यात काही बदललं नव्हतं. बदललं एवढंच, की भाच्याचे शेअर दुसऱ्या कुणाकडे गेले होते. परत घेतले ते महाग, शिवाय विक्रीवरचे कर आणि शुल्क.

अशी हूल बाजार वर्षातून एक-दोनदा देतोच. कॅथरिन कमिन्स्की आणि अँड्र्यू लो या दोघांनी याचं गणित मांडलं आहे. भाव एकदा पडायला लागला की पडतच राहण्याची सवय असेल तर स्टॉप-लॉस कामाचा. भाव कुठंही जाऊ शकत असेल तर स्टॉप-लॉसनं सरासरी मिळकत कमीच होते. म्हणजे तो लावणाऱ्यानं न सांगता एक मत मांडलेलं असतं, की हा भाव असाच पडत जाणार आहे. चांगली कंपनी पाहून, हिशेब वाचून घेतलेल्या शेअरबद्दल तसं मत असेल तर तो घेतलाच का?

भाच्याचं पाहून मी शहाणा झालो असतो तर बरं होतं. पण माझंही मन धास्तावलं होतं. मी एका शेअरवर जीटीटी लावली, म्हणजे वर्षभर चालणारी ऑर्डर: भाव ४१० ला आला की जागी व्हायची, ४०८ च्या खाली विकायचं नाही. ७ एप्रिल २०२५, रामनवमीचा दुसरा दिवस, सोमवार. अमेरिकेच्या आयातकराच्या बातम्यांनी जगभर पडझड झालेली, आणि आपला बाजार उघडला तोच पाच टक्के खाली. माझा शेअर शुक्रवारी ४१८ ला बंद झाला होता, सोमवारी ३९२ ला उघडला. ४१० आणि ४०८ हे दोन्ही भाव वाटेत लागलेच नाहीत. ऑर्डर जागी झाली, ४०८ ची विक्री लावली, घेणारा नव्हता. दिवसभर ती तशीच लटकली आणि साडेतीनला रद्द झाली. मी किनवटला लग्नात होतो. मला वाटत होतं, ऑर्डर आहे, काळजी नाही. मंगळवारी उघडून पाहतो तर शेअर हातात तसाच, आणि जीटीटीचं नावनिशाण नाही, कारण एकदा जागी झाली की विक्री होवो न होवो, ती संपते. राखणदार गेला होता आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. निरोप आला असेलही, इंग्रजीत, बाकीच्या चाळीस जाहिरातींच्या खाली.

पुढं आठ-दहा दिवसांत बाजार सावरला आणि तो शेअरही जागेवर आला. ऑर्डर फसली म्हणून मी वाचलो. पण भाव आणखी पडला असता तर मी त्याच भरवशावर निजलेला असतो.

माझी ऑर्डर भाव सांभाळणारी होती; जिला मिळेल त्या भावात विकणारी ऑर्डर म्हणतात, तिच्यात विक्री होते पण भाव कोणता मिळेल ते सांगता येत नाही. ६ मे २०१० ला अमेरिकेत काही मिनिटांच्या पडझडीत नावाजलेल्या कंपन्यांचे शेअर एका सेंटलाही विकले गेले. न्यूयॉर्क शेअर बाजारानं फेब्रुवारी २०१६ पासून स्टॉप ऑर्डर घेणंच थांबवलं. आपल्याकडे राष्ट्रीय शेअर बाजारानं सप्टेंबर २०२१ मध्ये ऑप्शन्सपुरती, आणि मुंबई शेअर बाजारानं ऑक्टोबर २०२३ मध्ये ही बाजारभावाची स्टॉप-लॉस ऑर्डर बंद केली, भलत्याच भावात सौदे होऊ नयेत म्हणून. निर्णय योग्य होता. पण मग तिथं राहिली ती दुसरी, भाव सांभाळणारी, जिच्यात विक्रीचाच भरवसा नाही. म्हणजे दोहोंपैकी एक गोष्ट नेहमी सुटते, हे बाजाराला माहीत आहे, आपल्याला माहीत आहे, टपरीवरच्या पोराला माहीत नाही.

आणि खरोखर घर बुडवणारी पडझड येते तेव्हा तर दोन्ही उपयोगाच्या नाहीत. आमच्याच हैदराबादची सत्यम. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली देणारं पत्र बाहेर आलं, आणि १७९ रुपयांच्या आसपासचा शेअर त्या दिवशी ४० च्या आत बंद झाला. तिथं १६५ चा स्टॉप-लॉस काय करणार? २०२३ च्या जानेवारीअखेर हिंडेनबर्ग या अमेरिकन संस्थेच्या अहवालानंतर अदानी टोटल गॅसचा शेअर कितीतरी दिवस रोज खालच्या सर्किटला, म्हणजे दिवसभरात पडण्याच्या ठरलेल्या मर्यादेला, बसत होता. विकणाऱ्यांची रांग लाखांची, घेणारा एकही नाही. आमच्या यार्डात काटा बंद पडला की गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या राहतात, तसं. रांगेत तुमची गाडी आहे हे खरं, पण त्यानं माल जात नाही.

मग विचारणाऱ्या पोराला मी काय सांगतो? दिवसाचा व्यवहार करत असशील तर लाव, पण आधी वर्षभराच्या पट्ट्या काढून बेरीज कर आणि तो धंदा करायचाच का ते ठरव. वर्षांसाठी घेत असशील तर लावू नकोस; त्याऐवजी एका शेअरमध्ये किती घालायचं ते आधी ठरव. आमच्याकडे कापसाच्या पट्ट्यात मधूनमधून तुरीच्या ओळी असतात. बोंडअळीनं कापूस गेला तरी तूर घरात येते. त्या ओळी जूनमध्ये पेरतात, अळी दिसल्यावर नाही. कुठल्याही एका कंपनीत शंभरातले पाच रुपये असतील, तर ती सत्यम निघाली तरी घर चालतं. साठ असतील तर कोणताही एसएल वाचवणार नाही. आणि शेअर घेताना वहीत एक ओळ लिही: हा का घेतला. ते कारण मोडलं, म्हणजे कर्ज वाढलं, हिशेबात खोट निघाली, मालक शेअर गहाण ठेवायला लागला, तर भाव वर असो की खाली, त्याच दिवशी विकून मोकळा हो. भाच्याच्या वहीत आता अशा अकरा ओळी आहेत. त्यातली एक त्यानं मागच्या दिवाळीत खोडली आणि तो शेअर थोड्या तोट्यात विकला. तोट्यात विकूनही त्या दिवशी तो शांत होता, हे मी पाहिलं.

माझ्याकडून होण्यासारखं एवढं. आता आपल्याकडचं मागणं.

जुलै २०२३ पासून आपल्या आदेशानं फ्युचर्स-ऑप्शन्सच्या दाराशी एक सूचना झळकते, की दहातले नऊ जण इथं तोट्यात जातात. पोरं ती झटकून पुढं जातात हे खरं आहे, पण निदान ती आहे. मी बोट ठेवून दाखवू शकतो. तशीच एक ओळ स्टॉप-लॉसच्या रकान्याखाली हवी: ‘या भावाला विक्री होईलच असं नाही.’ मराठीत, तेलुगूत, ज्याला जी भाषा वाचता येते तिच्यात, आणि बटण दाबायच्या आधी, त्याच अक्षरात ज्यात भाव लिहिलेला असतो. आणि राखून ठेवलेली ऑर्डर जागी होऊन फसली, तर त्याचा निरोप वेगळा, ठळक आणि त्याच भाषेत यावा. विक्रीला डिपॉझिटरीची, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेची, परवानगी लागते म्हणून कितीतरी जणांची ऑर्डर ऐन वेळी परत येते. टीपिन, म्हणजे त्या परवानगीचा गुप्त आकडा, कधी भरायचा, कायमचं अधिकारपत्र कधी द्यायचं, हे ऑर्डर लावतानाच विचारलं गेलं पाहिजे, पडझडीच्या सकाळी नाही.

दुसरं मागणं मला जास्त मोलाचं वाटतं. आपण लाखो खात्यांचा तोटा मोजला, ते फार मोठं काम झालं. पण त्या आकड्यांत एक प्रश्न मला सापडला नाही: स्टॉप-लॉस लावणारे आणि न लावणारे, यांच्यात कमी कुणी गमावलं? ऑर्डर कोणत्या प्रकारची होती, जागी कधी झाली, किती खाली विकली गेली किंवा विकलीच गेली नाही, हे सगळं बाजारांच्या संगणकांत प्रत्येक सौद्यागणिक नोंदलेलं असतं. ते मोजावं. दिवसाच्या व्यवहारासाठी वेगळं, वर्षांसाठी धरलेल्या शेअरसाठी वेगळं. चार जून आणि सात एप्रिल या दोन दिवसांचं तरी आधी मोजावं. माझं मत चुकीचं ठरलं तर मी ते बदलीन, पोरांनाही सांगीन. आज मी माझ्या आणि भाच्याच्या अनुभवावर सल्ला देतो, आणि समोरच्याच्या खिशात वडिलांनी कापूस विकून दिलेले पैसे असतात. दोन माणसांच्या अनुभवावर तेवढं ओझं टाकणं मला बरं वाटत नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहतो. मराठीत आलं तर यार्डासमोरच्या टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवीन. तेलुगूत आलं तरी चालेल, आमच्या इथं दोन्ही वाचणारी पोरं आहेत.

आपला,
जिनिंगच्या गादीवरचा एक निवृत्त हिशेबनीस,
आदिलाबाद